चढले, उतरले

अण्णांच्या कपाटात २०२० सालची एक डायरी आहे. लाल रेक्झिनची, कुठल्याशा पतसंस्थेनं भेट दिलेली. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत तिच्यात दुधाचा हिशोब, सिलिंडर लावल्याच्या तारखा आणि रक्तदाबाचे आकडे आहेत. मग एकदम पट्टी लावून आखलेले रकाने सुरू होतात. डावीकडे स्टॉपचं नाव, त्यापुढे 'चढले', मग 'उतरले', शेवटी 'आत'. अक्षर पेन्सिलीचं, बारीक, कंडक्टरी. माझी साप्ताहिक सुट्टी सोडली तर पाच महिने एक दिवसही कोरा नाही.

परवा गॅसचं पुस्तक शोधताना ती हाताला लागली आणि अर्धा तास मी कपाटासमोर उकिडवी बसून वाचत राहिले. आकड्यांखेरीज तिच्यात काही नाही. 'धायरी ३. वडगाव १. माणिकबाग ०. आनंदनगर १.' पण मला प्रत्येक आकड्याचं तोंड दिसत होतं. म्हणजे डोळे दिसत होते. तोंडं बांधलेलीच होती.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पीएमटीत, पुण्याच्या शहर बससेवेत, कंडक्टर होते. १९६९ ला लागले, २००४ ला निवृत्त झाले. पुढे २००७ मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एक होऊन पीएमपीएमएल झाली, पण ते नाव अण्णांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. इतकी अक्षरं म्हणेस्तोवर पुढचा स्टॉप येतो, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात बस म्हणजे 'गाडी' आणि ती ज्यांची ती 'पीएमटी'.

मी पुणे स्टेशनच्या बाजूला एका खासगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे. राहायला धायरीत. आणि मला दुचाकी चालवता येत नाही. पुण्यात हे वाक्य बोलायला धाडस लागतं. लोक आधी माझ्या गुडघ्यांकडे बघतात, मग विचारतात, "मग तुम्ही जाता कशा?" बसनं जाते. वीसेक वर्षं झाली.

९ मार्च २०२० ला राज्यातले करोनाचे पहिले दोन रुग्ण पुण्यातच सापडले. नायडू रुग्णालय हे नाव तोवर जुन्या पुणेकरांना साथीच्या रोगांमुळे ठाऊक होतं. त्या आठवड्यात ते देशभरच्या बातम्यांत आलं. २२ ला जनता कर्फ्यू, लगोलग राज्यात संचारबंदी, २५ पासून देशभर टाळेबंदी. रोज दहा लाखांच्या आसपास माणसं इकडून तिकडे नेणाऱ्या गाड्या बघता बघता डेपोत जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावर उरल्या त्या अत्यावश्यक सेवेच्या मोजक्याच.

रुग्णालयानं आम्हाला न्यायला गाडी पाठवू म्हणून सांगितलं होतं. आली ती, पण डॉक्टरांपुरती. लॅब, एक्स-रे, वॉर्डबॉय, मावश्या, कपडे धुणारे, या सगळ्यांनी आपापली सोय बघायची होती. मनुष्यबळ विभागातल्या मुलीनं फोनवर इतक्या गोड आवाजात हे सांगितलं की मी तिलाच "काळजी घे हं" म्हणून फोन ठेवला. मग लक्षात आलं, आता जायचं कसं?

अण्णांनी त्यांच्या जुन्या ओळखीतल्या एकाला फोन लावला. तोही निवृत्तच, पण त्याचा पुतण्या अजून सर्व्हिसात. दहा मिनिटांत उत्तर आलं: सहा दहाची एक गाडी आहे, धायरीहून स्वारगेटवरून स्टेशन. ओळखपत्र गळ्यात पाहिजे.

पहिल्या दिवशी मी सहाला पाच कमी असताना स्टॉपवर उभी होते. अंधार नव्हता आणि उजेडही नव्हता. रोज त्या वेळी वडापावची गाडी लागायची तिथे एक कुत्रं बसलं होतं, तेही जरा गोंधळल्यासारखं. समोरच्या इमारतीतल्या एका बाईनं खिडकी उघडली, मला बघितलं आणि खिडकी लावली. मग लांबून गाडीचा आवाज आला. एरवी सिंहगड रोडला गाडीचा आवाज कधी वेगळा ऐकू येत नाही. काचेमागे कागद चिकटवलेला: 'अत्यावश्यक सेवा'. कंडक्टरनं आधी माझं कार्ड बघितलं, मग हातावर सॅनिटायझर ओतलं, आणि मग म्हणाला, "बसा ताई, कुठेही बसा."

कुठेही बसा! पुण्याच्या बसमध्ये हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. एक सोडून एका सीटवर फुली होती, तरी चाळीसेक सीटच्या त्या गाडीत कुठेही बसायला जागाच जागा. आणि मी काय करावं? सवयीनं दाराशेजारच्या दांड्याला धरून उभी राहिले. आनंदनगर येईपर्यंत.

संध्याकाळी घरी आल्यावर बाथरूममध्ये कपडे भिजवणं, आंघोळ, मोबाईल पुसणं वगैरे सगळं उरकलं. अण्णा त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. वय चौऱ्याहत्तर, मधुमेह, त्यामुळे माझ्यापासून त्यांना लांब ठेवायचं ठरलं होतं. मला वाटलं विचारतील, रुग्ण किती आले, भीती वाटली का. त्यांनी विचारलं, "गाडीत किती होते?"

"सहा असतील."

"असतील म्हणजे? वेबिल भरताना 'असतील' लिहितात का?"

दुसऱ्या दिवशी मी मोजले. तिसऱ्या दिवशी त्यांनी डायरी काढली आणि पट्टी.

वेबिल म्हणजे कंडक्टरचा खेपेचा कागद. मशीन येण्याआधी प्रत्येक टप्प्याला कुठलं तिकीट कितीव्या नंबरापर्यंत गेलं ते त्यात लिहायचं. चेकर चढला की आधी वेबिल मागणार आणि माणसं मोजणार, आकडा जुळला नाही की झालं. अण्णांनी पस्तीस वर्षं असे आकडे जुळवले. ट्रेमधली रंगीत तिकिटं, पंचची कटकट, खांद्याला चामड्याची बॅग, आणि घरी आल्यावर हाताला येणारा चिल्लरचा तो हिरवट वास. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांच्या हाताला तसा वास येतो.

तर रोज संध्याकाळी, मधे दहा फुटांचं अंतर ठेवून, आमचं वेबिल भरणं सुरू झालं. मी स्टॉप सांगायचे, ते लिहायचे. एखादा आकडा अडला तर म्हणायचे, "आठव, आठव, गाडीतून माणूस हवेत जात नाही."

त्यातून मला माझ्या गाडीतली माणसं पाठ झाली. नावं विचारायचा तो काळ नव्हता, मास्कमधून बोलणंही जिवावर यायचं, म्हणून आम्ही एकमेकांना स्टॉपवरून ओळखत होतो. वडगावला एक मावशी चढायच्या, महापालिकेच्या झाडणकामावर. स्वारगेटजवळच्या आरोग्य कोठीवर साडेसहाला त्यांची हजेरी. मुकादम पाच मिनिटं थांबतो, सहाव्या मिनिटाला खाडा लावतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी आख्ख्या गाडीला सांगून टाकलं होतं. आनंदनगरला एटीएमवरचा रखवालदार, रात्रपाळी करून उलटा घराकडे निघालेला. त्याचं घर पुलगेटकडे. हिंगण्याला पाणीपुरवठ्यातले एक गृहस्थ, पर्वतीच्या जलकेंद्रात ड्युटी. त्यांना सगळे 'पर्वतीवाले' म्हणायचे. राजाराम पुलाला सिस्टर. त्या मूळच्या केरळच्या, पण नर्सिंग मिरजेत झालेलं, त्यामुळे मराठी थेट मिरजेचं. "काय ओ मॅडम, आज लई लवकर आलीया गाडी," असं त्या म्हणाल्या की मास्कमागे हसू यायचं.

गाडी लवकर येण्याचं हे प्रकरण मोठं मजेशीर होतं. एरवी धायरी ते स्वारगेट म्हणजे सकाळच्या गर्दीत पाऊण तास धरा, संतोष हॉलचा सिग्नल रुसला तर वर दहा मिनिटं. आता रस्त्यावर कुणीच नाही. अठरा-वीस मिनिटांत स्वारगेट. मला वाटलं, चला, एवढं तरी सुख. अण्णांना सांगितलं तर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"बिफोर नेतो का तो?"

"म्हणजे?"

"टायमाच्या आधी. लेट गाडी परवडली, बिफोर गाडी नको. लेट गाडीची माणूस वाट बघतो. बिफोर गेलेली गाडी त्याला कळतच नाही. तो उभाच राहतो."

एरवी यात एवढं काही नाही, मागून दुसरी येते. पण मागची गाडी दीड तासानं असेल तर? सिस्टर सहा तेवीसला स्टॉपवर येणार आणि गाडी सहा अठराला निघून गेलेली असणार. मग त्यांच्या वॉर्डातली रात्रपाळीची बाई घरी जायची थांबणार. आदल्या दिवशी रात्री आठपासून पीपीई घालून उभी असलेली ती बाई.

आमच्या ड्रायव्हरला हे कुणी शिकवायची गरज पडली नाही. तो तिशीतला असेल, मूळ बीडकडचा. मोकळ्या रस्त्यावर तो गाडी वीस-पंचवीसच्या वेगानं हाकायचा. ज्या माणसानं आख्खी नोकरी पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या देत काढली, त्याला मोकळा सिंहगड रोड मिळाल्यावर रांगत जायला किती जड जात असेल, विचार करा. तरी वेळ उरायचाच. मग राजाराम पुलाच्या अलीकडे तो गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचा. तीन मिनिटं, कधी चार. कुणी काही बोलायचं नाही. खिडकीतून विठ्ठलवाडीकडचा गार वारा यायचा आणि नदीपलीकडून कोकिळेचा आवाज. एप्रिल-मे म्हणजे तिचा हंगामच, दरवर्षी ओरडतच असणार. मी तिथे इतक्या वर्षांत तिला कधी ऐकलं नव्हतं.

घड्याळात बघून कंडक्टर डबल बेल द्यायचा. ड्रायव्हर चार हातांवर, गाडीत आम्ही पाचजण, तरी बेलच. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी काही लिहिलं नाही, नुसती मान हलवली. खूश झाले असावेत.

एक दिवस मी चिडून आले होते. लॅबमधला एक सहकारी जेवताना म्हणाला, "रिकाम्या बस फिरवतायत, टॅक्सच्या पैशांची उधळपट्टी." हा स्वतः गाडीनं येतो, म्हणजे अण्णांच्या नव्हे, त्याच्या स्वतःच्या. मी तिथे काही बोलले नाही आणि सगळी भडास अण्णांपुढे काढली. सहा माणसं असली तरी ती सहा कोण आहेत बघा ना, सिस्टर नसेल तर वॉर्ड, पर्वतीवाले नसतील तर पेठांचं पाणी, मावशी नसतील तर… माझा सूर जरा सभेतल्यासारखा लागला होता.

अण्णा म्हणाले, "तो बरोबर बोलतोय."

मी बघतच राहिले.

"गाडी भावनेवर चालत नाही, गॅसवर चालते. गॅसला पैसे लागतात." मग त्यांनी मला भारमान समजावलं. शंभर सीट-किलोमीटर गाडीनं कापले, त्यातले किती भरलेले होते, तो हिशोब. त्यावरून मार्ग तोट्यातला की नफ्यातला ते ठरतं. अण्णांच्या उमेदीत कमी भारमानाची खेप आणली की डेपोत टोमणा बसायचा, जणू माणसं कंडक्टरनं घरून आणायची असतात. शहरातली बस कधीच स्वतःच्या तिकिटावर जगत नाही. तिची संचलन तूट तेव्हा दोन महापालिका भरायच्या, पुण्याची ६० टक्के, पिंपरी-चिंचवडची ४०. टाळेबंदीत तिकिटांचे पैसे थांबले, पण पगार थांबले नाहीत. भाडेतत्त्वावरच्या गाड्यांचा करार किलोमीटरवर असतो, माणसांवर नसतो. आणि गाडी डेपोत उभी राहिली तरी खातेच. बॅटरी उतरते, टायर बसतात, इंजिन अधूनमधून चालू करून ठेवावं लागतं.

"मग तुमचं म्हणणं काय, बंद करावी?"

"बंद कुठे म्हटलं? तोटा आहे तो तोटा म्हणायचा आणि गाडी चालवायची. अग्निशमनचा बंब रोज आग लागत नाही म्हणून विकतात का?"

हा बंबाचा दृष्टान्त माझ्या सभेपेक्षा सरस होता, हे मला तेव्हाही कळलं. पण नंतर रात्री पडल्या पडल्या मला त्यातली खोच जाणवली. बंब आग लागेपर्यंत उभा तरी असतो. गाडीला उभं राहून भागत नाही, आग नसतानाही तिला रोज ठरल्या वेळी निघावं लागतं. आणि माणसं निम्मी झाली म्हणून गाड्या निम्म्या करता येत नाहीत, हे तर आणखी अवघड. दर पंधरा मिनिटांनी असलेली गाडी तासाची केली की कागदावर वाचलेलं दिसतं, पण ज्याची पाळी सातला लागते त्याच्या दृष्टीनं सात वाजून दहा मिनिटांनी पोचणारी गाडी आणि न येणारी गाडी यांत फरक नसतो. त्यात पुन्हा एक सीट सोडून बसायचं. म्हणजे आधी जे काम एका गाडीत व्हायचं त्याला दोन लागणार. माणसं कमी तर गाड्या जास्त, असलं उफराटं गणित कुठल्या भारमानात बसवायचं?

मुंबईत तर याहून तऱ्हा. लोकल बंद, त्यामुळे बेस्टवर सगळा भार, तिच्या मदतीला एसटी, आणि त्या एसटीवर जिल्ह्याजिल्ह्यांतून आणलेले चालक-वाहक, ज्यांनी कधी मुंबईचा रस्ता बघितला नव्हता. १५ जूनपासून लोकल सुरू झाली तीही फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी. आमच्याकडे पीएमपीच्या माणसांतल्या काहींना महापालिकेनं करोनाच्या इतर कामांना लावलं होतं. आमचा कंडक्टर मधे आठवडाभर दिसला नाही. परत आला तेव्हा कुठे होता ते त्यानं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. फक्त मावशींनी पिशवीतून एक लिंबू काढून त्याच्या सीटवर ठेवलं. "सरबत करून पी," म्हणाल्या.

सोसायटीचं काय सांगायचं. थाळ्या वाजवून झाल्यावर पंधरा दिवसांनी आमच्या दाराखाली निनावी चिठ्ठी आली, की आपण लिफ्ट वापरू नये. तिसरा मजला, चालत जाते मी एरवीही. अण्णांनी चिठ्ठी वाचली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवसाचे रकाने आखले. डायरीत ती अजून तशीच खोचलेली आहे.

जूनच्या ३ तारखेचं पान मला आठवत होतंच. निसर्ग वादळ त्या दिवशी कोकण किनाऱ्यावर आलं आणि पुण्यालाही झोडपून गेलं. सकाळपासून वारा असा, की लॅबच्या खिडक्या हाताने धरून बसलो होतो. तीननंतर परतीची गाडी निघाली. रस्ताभर पानं, फ्लेक्सची फाटकी कापडं, तुटक्या तारा. सारसबागेपाशी गुलमोहराची एक आख्खी फांदी रस्त्यावर आडवी, फुलांसकट. ड्रायव्हर उतरला, कंडक्टर उतरला. मग आम्हीही उतरलो. पाचजण होतो. एरवी एकमेकांपासून सहा फूट लांब राहणारी माणसं एका फांदीला हात घालून ओढत होती. सिस्टर म्हणाल्या, "आवो, पाय बघा, पाय." फांदी हलेना. शेवटी कोपऱ्यावरच्या चौकीतले दोन पोलीस आले, तेव्हा कुठे गाडी जाईल एवढी वाट झाली. सगळ्यांच्या अंगावर लाल पाकळ्या आणि चिखल. गाडीत बसल्यावर प्रत्येकानं निमूट आपापली सॅनिटायझरची बाटली काढली.

घरी रकाने भरताना मी 'सारसबाग, शून्य शून्य' म्हटलं.

"का? उतरला नाहीत?"

"उतरलो, पण परत चढलो ना अण्णा."

"मग पाच उतरले, पाच चढले. जे झालं ते लिहायचं."

आणि तसं लिहिलेलं आहे. सारसबाग: चढले ५, उतरले ५, आत ५. बाहेरच्या कुणी हे वाचलं तर त्याला वाटेल त्या दिवशी सारसबागेला बरीच गर्दी होती.

आषाढीच्या आदल्या दिवशी अण्णा टीव्हीसमोर दिवसभर बसून होते. दरवर्षी पालख्या पुण्यात येतात तेव्हा शहरातल्या गाड्यांचे मार्ग बदलतात, जादा गाड्या सुटतात, कंडक्टरांच्या रजा रद्द होतात. अण्णांनी नोकरीभर वारी पाहिली ती गाडीच्या दारातून. त्या वर्षी वारी नव्हतीच. ३० जूनला ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका मोजक्या लोकांसोबत एसटीनं पंढरपूरला निघाल्या. फुलांनी सजवलेली गाडी पडद्यावर दिसल्यावर अण्णांनी बसल्या जागी हात जोडले. मग जरा पुढे वाकून म्हणाले, "आत किती आहेत बघ बरं."

जुलैत पुन्हा कडक टाळेबंदी, मग ढिली, मग गणपती. त्या वर्षीच्या गणपतीत लक्ष्मी रस्त्यानं एकही मिरवणूक पाहिली नाही. १ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी शांततेत गेली आणि ३ सप्टेंबरपासून शहरातली नेहमीची बससेवा पुन्हा सुरू झाली. निम्म्या क्षमतेनं आणि थोड्याच गाड्यांनिशी, पण सगळ्यांसाठी.

पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत ३ एप्रिलला गाड्या पुन्हा थांबल्या, पुन्हा फक्त अत्यावश्यक सेवा उरली. त्या वेळचे रकाने नाहीत. तेव्हा मी स्वतःच आजारी पडले होते, आणि मी उठले तोवर अण्णा. दोघंही निभावलो. पण २०२१ च्या डायरीत फक्त ऑक्सिजनचे आकडे आहेत, तेही माझ्या अक्षरात. ते मी वाचत नाही.

लाल डायरीतलं रकान्यांचं शेवटचं पान ३ सप्टेंबरचं.

त्या दिवशी स्टॉपवर गर्दी होती. गर्दी म्हणजे आठ-नऊ माणसं, पण मला छातीत धडधडलं. पाच महिने जी गाडी आमची होती तिच्यात अचानक अनोळखी माणसं चढत होती. एक मुलगा मोबाईलवर मोठ्यानं बोलत होता, "हो आई, चालू झाल्या, बसलोय." कुणीतरी नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन निघालं होतं. वडगावला मावशी चढल्या आणि त्यांच्या रोजच्या सीटवर दुसरी बाई बघून दारातच थबकल्या. मग माझ्या मागच्या सीटवर येऊन बसल्या, जरा नाराजीनं. मला हसू आलं. आपलंही तेच झालंय की.

मोजायचं तर होतं. धायरी नऊ. वडगाव तीन. माणिकबाग दोन. आनंदनगर चार, उतरला एक. कंडक्टर आता मशीनवर तिकिटं फाडत होता आणि ओरडत होता, "फुलीवर बसू नका, फुलीवर नाही." हिंगण्याला पर्वतीवाले धरून तिघं चढले आणि कंडक्टर म्हणाला, "झाली, वीस झाले. आता कुणी उतरल्याशिवाय घेता येणार नाही."

गाडी राजाराम पुलाला आली. इंजिन बंद करून तीन मिनिटं थांबायचे दिवस गेले होते, मागे रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. स्टॉपवर सिस्टर. हातात डबा, गळ्यात कार्ड, रोजच्यासारख्याच जागेवर. दार उघडलं. कंडक्टरनं त्यांच्याकडे बघितलं, मग आत बघितलं. "सिस्टर, वीस झाले ओ."

"मागची कधी?" सिस्टरनी विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, नुसता हिशोब होता.

कंडक्टर उत्तर द्यायच्या आत पर्वतीवाले उठले. ते दोन सीट पुढे बसले होते. पिशवी काखेत मारली, म्हणाले, "मास्तर, मला इथेच सोडा. इथून चालत दहा मिनिटं आहे." आणि खाली उतरले. सिस्टर वर आल्या. दोघं पायरीवर एकमेकांना घासून गेले, पाच महिन्यांत पहिल्यांदाच इतके जवळून. काही बोलले नाहीत. डबल बेल झाली. मी काचेतून मागे बघितलं तर पर्वतीवाले पुलाच्या बाजूनं फुटपाथ धरून चालायला लागले होते, भराभर, घड्याळ बघत.

संध्याकाळी मी सगळं सांगितलं ते क्रमानं, रकान्यांत. धायरी, वडगाव, माणिकबाग, आनंदनगर, हिंगणे. अण्णांची पेन्सिल इतक्या दिवसांत पहिल्यांदा भरभर चालत होती. दोन आकडी संख्या लिहिताना त्यांनी रकाना थोडा रुंद केलेला आहे, पानावर ते स्पष्ट दिसतं.

"राजाराम पूल," मी म्हटलं. "चढल्या सिस्टर, एक. उतरले पर्वतीवाले, एक."

पेन्सिल थांबली. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पर्वतीवाला इथे कसा उतरला? तिकीट तर पुढचं असेल ना त्याचं?"